चावी देण्याआधी मीटरचं रीडिंग लिहा

इंदूरला रामबागेतला आमचा वरचा मजला पहिल्यांदा भाड्यानं दिला, तेव्हा करारनामा म्हणजे स्टॅम्प वेंडरकडचा छापील नमुना, एवढंच मला ठाऊक. त्यात भाडं होतं, डिपॉझिट होतं. नर्मदेच्या नळाचं बिल कोण भरणार, हे नव्हतं. त्यावरून शेवटपर्यंत कुरबूर. आता विजेच्या मीटरचं रीडिंग, पंखे, गीझर, अगदी भिंतीवरची ओलसुद्धा यादीत लिहून दोघांच्या सह्या घेते. डिपॉझिटमधून काय कापणार, नोटीस किती दिवसांची, तेही स्पष्ट. मुदत बहुतेक जण ११ महिन्यांची ठेवतात, कारण वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेकराराची नोंदणी १९०८च्या नोंदणी कायद्यानं सक्तीची आहे. आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्याच, मग तो मावशीच्या ओळखीतला का असेना.