क्रूझचं बुकिंग: दराच्या नादात या चुका टाळा

सांगलीच्या माणसाला दराची वाट बघायला शिकवावं लागत नाही. बेदाणा कोल्ड स्टोरेजला टाकायचा, सौद्यात दर पटला नाही तर माल द्यायचा नाही, सणाच्या तोंडावर काढायचा. हळदीचंही तेच. माझ्या विश्रामबागच्या तिकिटांच्या ऑफिसात क्रूझची चौकशी करायला येणारे बहुतेक जण हाच हिशेब डोक्यात घेऊन येतात. "शेवटी शेवटी लई स्वस्त मिळतंय म्हणं. थांबूया की!" या एका वाक्यापायी मोडलेल्या सहली मी इतक्या बघितल्यात, की आता खुर्चीवर बसायच्या आधीच मी हा विषय काढतो.

बेदाणा तुमच्या ताब्यात असतो, म्हणून थांबणं तुमच्या हातात असतं. केबिन जहाज कंपनीच्या ताब्यात असते. दर चढला तर फायदा तिचा. आता हेही खरं, की केबिन बेदाण्यासारखी टिकत नाही. ती ताज्या द्राक्षासारखी आहे. जहाज सुटलं की रिकाम्या केबिनीचे शून्य रुपये. म्हणून शेवटच्या आठवड्यांत काही वेळा दर पडतो, ही अफवा नाही. पण कुठल्या केबिनीचा पडतो आणि कुठल्या तारखेचा, हे विचारायला कुणी थांबत नाही.

मोठं कुटुंब, ठरलेली सुट्टी आणि तरीही वाट बघणं

तासगाव तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार आहेत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. दिवाळी झाल्यावर ते ऑफिसात आले. आबा, आजी, दोन मुलं, दोन सुना, तीन नातवंडं, अशी नऊ माणसं. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ. मी शेजारीशेजारच्या तीन केबिन काढून दाखवल्या. दोघा सुनांची कुटुंबं चार खाटांच्या केबिनीत, आबा-आजी आणि थोरला नातू तिसरीत. विमान, व्हिसा, सगळं धरून एकूण आकडा कागदावर लिहून दिला.

आबा म्हणाले, "माल निघू दे. पैसे हातात आले की बघू. तवर दरबी पडंल."

मी सांगितलं की आत्ता फक्त अनामत भरायची आहे, बाकीची रक्कम जहाज सुटायच्या नव्वद दिवस आधी, म्हणजे फेब्रुवारीत. तोवर आगाप, म्हणजे लवकर छाटलेल्या बागेचे पैसे येतील. आबा हसून उठले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळं कुटुंब ऑफिसात आलं. चार खाटांची एकही केबिन शिल्लक नव्हती. दोन खाटांच्या होत्या, त्याही दोन वेगवेगळ्या डेकवर, म्हणजे मजल्यांवर. नऊ माणसांना पाच केबिन घ्यायच्या म्हणजे लहान पोरांसाठी आई-बापांची ताटातूट. मे महिन्याचं मुंबई–सिंगापूर विमान तोवर चढलेलं. एकूण आकडा नोव्हेंबरच्या जवळजवळ दीडपट झाला. आजींनी नोव्हेंबरचा तो कागद जपून ठेवला होता, तो त्यांनी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. शेवटी आबा-आजी घरी राहिले आणि मुलं-नातवंडं गेली. आजींनी या सहलीसाठी आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढला होता. मला ती दुपार अजून टोचते, कारण नोव्हेंबरात मी अजून थोडं रेटून बोलायला हवं होतं.

हे असं का होतं? जहाजावर बहुतेक केबिन दोघांच्या असतात. तीन-चार खाटांच्या थोड्या, आणि मुलंबाळं असलेल्या लोकांची उडी त्यांच्यावरच. त्यात लाइफबोटीचा हिशेब असतो. जहाजाच्या प्रत्येक भागात किती माणसं घ्यायची याला मर्यादा असते. ती भरली की केबिनीत तिसरी-चौथी खाट मोकळी असली तरी जादा माणूस घेत नाहीत. शेवटी स्वस्तात उरते ती दोघांची, बहुधा आतली, खिडकी नसलेली केबिन. ती नऊ जणांच्या काय कामाची?

माझी स्वतःची पद्धत ठरलेली आहे. शाळेची सुट्टी आणि चारपेक्षा जास्त माणसं असतील तर सहा ते दहा महिने आधी नाव नोंदवायचं. मे महिन्याची क्रूझ आदल्या दिवाळीत, दिवाळीची क्रूझ आदल्या जानेवारीत. जानेवारी ते मार्च हा जगभरच्या क्रूझ कंपन्यांचा सेलचा हंगाम असतो, त्या धंद्यात त्याला 'वेव्ह सीझन' म्हणतात. त्यात दर कमी होण्यापेक्षा कमी अनामत, जहाजावर खर्चायला काही रक्कम, पेयांचं पॅकेज असल्या सवलती जास्त मिळतात. दिवाळीला जाणाऱ्याला हा काळ अगदी सोयीचा पडतो. पण मे महिन्यात जायचंय म्हणून मार्चच्या सेलची वाट बघणाऱ्याच्या हाती उरलंसुरलंच लागतं.

मग शेवटच्या क्षणी कुणी थांबावं? नवरा-बायको दोघंच, तारखेचं बंधन नाही, केबिन कुठलीही चालते, पासपोर्ट तयार, व्हिसा हातात. अशांनी जहाज सुटायच्या नव्वद ते साठ दिवस आधीचा काळ बघावा. बाकीची रक्कम भरायची मुदत संपली की ज्यांना जमलं नाही ते रद्द करतात, केबिन परत विक्रीला येतात आणि दर हलतो. पण युरोपच्या किंवा अमेरिकेच्या बाजूला जायचं असेल तर हेही विसरा. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठी एकच असलेल्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, आणि अपॉइंटमेंट मिळवण्यातच कितीतरी दिवस जातात. व्हिसा नसताना स्वस्त केबिन घेऊन ठेवणं म्हणजे अनामत पाण्यात टाकणं. सिंगापूरहून निघून मलेशिया-थायलंड फिरून परत सिंगापूरला उतरायचं असेल तर सिंगापूरमध्ये दोनदा प्रवेश होतो, तेव्हा व्हिसावर अनेक वेळा प्रवेशाची मुभा आहे ना, हे वाचून घ्या.

बुकिंगची तारीख बघतात, प्रवासाची बघत नाहीत

लवकर की उशिरा यावर लोक तासभर वाद घालतात. पण दर सगळ्यात जास्त हलतो तो तुम्ही कुठल्या आठवड्यात जाता यावर. आपली शाळा मे महिन्यात बंद असते हे आपल्याला माहीत असतं. जहाज ज्या बंदरातून सुटतं तिथली शाळा कधी बंद असते हे कुणी बघत नाही. सिंगापूरला जूनमध्ये आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर शाळांना सुट्टी असते. चिनी नववर्षात तर विचारूच नका. आपली मे महिन्याची गर्दी ओसरते न ओसरते तोच तिकडची सुरू होते. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर तिथले दर बरे असतात.

द्राक्षवाल्यांना मी हे मुद्दाम सांगतो. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी यांच्या मधला जुलै-ऑगस्टचा काळ त्यातल्या त्यात उसंतीचा. मुलं मोठी झाली असतील, शाळेचं बंधन नसेल, तर हाच काळ धरा. आबांना मी हे आधीच सुचवलं असतं तर निदान आबा-आजी दोघं तरी गेले असते.

मुंबईहून निघणाऱ्या जहाजाचं गणित वेगळं. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपच्या फेऱ्या करत आलंय. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून त्या काळात ते चेन्नईहून श्रीलंकेकडे गेलेलं आहे. त्यामुळे जूनमध्ये येऊन "मुंबई-गोवा क्रूझ ऑफ सीझनला स्वस्त असेल ना?" असं विचारण्यात अर्थ नाही. इथे स्वस्त म्हणजे सोमवार-मंगळवारी सुटणारी फेरी, शुक्रवारची नव्हे. आणि नाताळ ते एकतीस डिसेंबर हा आठवडा डोक्यातून काढून टाका.

भूमध्य समुद्रात जुलै-ऑगस्ट महाग, एप्रिल आणि ऑक्टोबरची अखेर त्या मानानं स्वस्त. अलास्काचा हंगाम मे ते सप्टेंबर, त्याची दोन्ही टोकं कमी दराची. कॅरिबियनमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर स्वस्त असतो, पण का, ते माहीत करून घ्या: अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि त्याचा जोर याच काळात. जहाज वादळात शिरत नाही, मार्ग बदलतं. म्हणजे ज्या बेटासाठी पैसे भरले ते बेट कदाचित दिसणारच नाही.

'पासून' या शब्दाला भुलणं

जाहिरातीत मोठ्या आकड्यापुढे बारीक अक्षरात 'पासून' लिहिलेलं असतं. तो आकडा दोघं एका केबिनीत आहेत असं धरून माणशी लावलेला, सगळ्यात आतल्या केबिनीचा आणि सगळ्यात पडेल तारखेचा असतो. त्यावर बंदराचे आकार, कर, बऱ्याच परदेशी जहाजांवर दर माणशी दर रात्रीचा सेवाशुल्क, पेयं, इंटरनेट, बंदरावर उतरून फिरायचा खर्च. परदेशी पॅकेज असेल तर टीसीएस, म्हणजे विकतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो आयकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण आज खिशातून जातोच. दर डॉलरमध्ये असेल आणि कार्डानं भरलात तर बँक तीन-साडेतीन टक्के वर घेऊ शकते.

मी यासाठी साधी दोनशे पानी वही ठेवली आहे. ज्या क्रूझवर डोळा आहे तिच्यासाठी एक पान. दर सोमवारी सकाळी चहा झाला की तीच तारीख, तीच केबिन, सगळे कर धरून, सांगलीच्या घरापासून परत सांगलीच्या घरापर्यंतचा आकडा लिहायचा. पाच-सहा सोमवार झाले की दर कुठं चाललाय ते दिसायला लागतं. मोबाइलवर हे सगळं करून देणारी साधनं आहेत, लोक मला दाखवतातही. ती नुसता केबिनीचा दर धरतात. मिरजेहून मुंबईला जायचा खर्च त्यांना कसा कळणार? ज्याला सहा सोमवार लिहायचा कंटाळा येतो, त्याला मी सरळ सांगतो की आजचा दर परवडत असेल तर आजच घे आणि पुन्हा बघू नकोस.

मुंबई गाठायचा हिशेब न करणं

आपल्याला गोवा मुंबईपेक्षा जवळ. तरी क्रूझनं गोव्याला जायचं तर आधी उलट्या दिशेनं मुंबईला जावं लागतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल अगदी जवळ. पण रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वी १२० होते. दहा दिवसांवर आलेली स्वस्त केबिन घेतली आणि महालक्ष्मी वेटिंगला गेली, की गाडी भाड्यानं करावी लागते. वाचवलेले पैसे पुण्याच्या पुढं जाईपर्यंत संपतात.

म्हणून केबिन घेतली की साठावा दिवस मी कॅलेंडरवर लाल पेननं खुणावतो. आणि जहाज सुटायच्या आदल्या दिवशी मुंबईत पोहोचायचं, यावर मी कुणाचं ऐकत नाही. चेक-इनची वेळ संपल्यावर पोहोचलेल्या माणसासाठी जहाज थांबत नाही आणि तुमची गाडी लेट झाली म्हणून पैसेही परत मिळत नाहीत.

थोडक्यात सांगायच्या चुका

"आज रात्री सेल संपतोय" बघून घाई करणं. उद्या सकाळी दुसऱ्या नावाचा सेल असतो.

एकट्यानं जाताना माणशी दर धरून बजेट करणं. एकट्याला बहुतेक वेळा जवळपास दोघांचे पैसे पडतात. बहीण, मैत्रीण, मित्र, कुणीतरी सोबत घ्या.

नव्या कोऱ्या जहाजाच्या पहिल्या फेऱ्या धरणं. दर चढे असतात आणि तारखा पुढे जाऊ शकतात. सिंगापूरच्या 'डिस्ने ॲडव्हेंचर'ची पहिली फेरी १५ डिसेंबर २०२५ ची होती, ती १० मार्च २०२६ वर गेली. ज्यांनी परत न होणारी विमानं काढली होती त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा.

रद्द केल्यास किती कापणार हे न वाचता सर्वांत स्वस्त भाडं निवडणं. त्यात अनामत बहुधा परत मिळत नाही.

बुकिंग झाल्यावर दर बघणं सोडून देणं. बाकीची रक्कम भरायच्या आधी दर उतरला तर फोन करून विचारा. काही कंपन्या फरक देतात, काही वरची केबिन देतात. एकदा पूर्ण रक्कम भरली की बहुतेक वेळा विचारण्यात अर्थ राहत नाही. विचारायला लाजणारी माणसं मला समजत नाहीत. मंडईत कोथिंबिरीच्या पेंडीसाठी आपण घासाघीस करतो आणि लाखाच्या बुकिंगला एक फोन करत नाही.

पासपोर्टची मुदत. प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. पंधरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट जास्तीत जास्त पाच वर्षांचाच असतो, हे निम्म्या आई-बापांना ऑफिसात आल्यावर कळतं.

चौकशीला येताना म्हणून सगळ्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स आणि शाळेच्या सुट्ट्यांचा कागद घेऊन या. तारखा आधी पक्क्या करू, दर त्यानंतर उघडू.