रायबंदरच्या जुन्या पुलावरून पक्षी कसे बघायचे

पणजीहून रायबंदरला जाणारा तो लांबच लांब पूल, पोंते दे लिन्हारेस, १६३३-३४ चा, जवळजवळ ३.२ किमी. रोज हजारो लोक त्यावरून जातात पण थांबून बघणारे फार कमी, आणि मला खरंच वाटतं की पणजीच्या इतक्या जवळ पक्षी बघायला याहून सोपी जागा नाही.

आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, घड्याळ नंतर. मोबाईलवर पणजीचं टाईड टेबल मिळतं. ओहोटीला मांडवी नदीचा चिखल उघडा पडतो, मग बगळे, तुतवार वगैरे तिथे खात असतात. भरती आली की चिखल बुडतो आणि यातले बरेच पक्षी मिठागरांच्या बांधांवर येऊन बसतात, म्हणजे ओहोटीला नदीकडे बघायचं, भरतीला दक्षिणेला मिठागरांकडे. वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारची वेळ या रविवारी धरून चालू नका.

सीझन ऑक्टोबर ते मार्च, तेव्हा बाहेरून आलेले पाहुणे पक्षी असतात.

सकाळी रायबंदरकडून सुरू करून पणजीकडे चालत या, ऊन पाठीवर राहतं आणि पक्ष्यांचे रंग नीट दिसतात. संध्याकाळी उलटं. दुर्बीण ८ बाय ४२ ची (८ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमीची) पुरे, जास्त मोठी घेतली तर हात हलतो आणि काहीच दिसत नाही. गाडी पुलावर अजिबात उभी करू नका, ट्रॅफिक सतत असतं, गाडी टोकाला लावून कडेकडेने चाला. आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप इथे गाड्यांच्या गोंगाटात फारसं चालत नाही, डोळ्यांवरच भर द्या.

सुरुवातीला सगळी नावं पाठ करायला जाऊ नका हां. लांब गुलाबी पायांचा काळा-पांढरा तो शेकाट्या, शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलवणारा तो तुतवार, पांढरं डोकं आणि विटकरी अंग ती ब्राह्मणी घार, एवढं जमलं तरी पहिला दिवस मस्त. पाणी जिथे पुलाखालून आत-बाहेर करतं तिथे थोडं जास्त थांबा, मासे तिथून जातात म्हणून खंड्या आणि बगळे टपून असतात.

वेळ उरला तर रायबंदरहून फेरीने चोडण बेटावर जा, सलीम अली पक्षी अभयारण्य धक्क्यापासून जवळच आहे.