आजीची करवती साडी अन् बाबांचं एचएमटी घड्याळ, घालायचं कसं

कपाटात आजीची करवत काठी, म्हणजे आपल्या विदर्भातली टसर रेशमाची साडी, पडून असेल तर आधी ती उजेडासमोर धरून पहा, घडीवर रेशीम विरलं असेल तर साडी म्हणून नेसूच नका, बसताना टर्रकन फाटली की सगळा कॉन्फिडन्स तिथंच संपतो. नागपुरात सीताबर्डी नाहीतर महालातल्या टेलरकडून जॅकेट किंवा दुपट्टा शिवून घ्या, पण काठ कापू देऊ नका बाप्पा, करवतीच्या दातांसारखी ती नक्षी हीच तर तिची शान आहे. चांगली असेल तर ब्लाउज मात्र नवा, आपल्या मापाचा, खांद्यावर ढिला कपडा असला ना की माणूस दिवसभर तोच ओढत बसतो.

जरीजवळ डांबरगोळ्या ठेवू नका, काळी पडते. सुती कपड्यात गुंडाळा, घडी अधूनमधून बदला.

बाबांचं चावीवालं एचएमटी असेल तर रोज सकाळी चावी द्या, अडली की जोर करू नका. पट्टा नवीन टाका, डायल जुनीच राहू द्या, पॉलिश केलं की मजाच जाते (माझं मत हं).

अन् एका वेळी जुनी वस्तू एकच घाला, बाकी साधं, नाहीतर गॅदरिंगला निघाल्यासारखं दिसतं. मे महिन्यात टसर नको, नागपूरचं ऊन माहितीच आहे, सुती बघा.