'वजा वजा अधिक' इथेच घात करतं: ऋण संख्यांच्या या चुका टाळा

सहावीतल्या मुलाला −3 − 5 किती, असं विचारून बघा. बरीच मुलं 8 म्हणतात. का, तर "वजा वजा अधिक!" पाठ केलेलं वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. वजाबाकीच्या चिन्हाला लागूनच, कंसात, ऋण संख्या आली तरच त्या दोन रेघांचं अधिक होतं: 5 − (−3) = 5 + 3 = 8. −3 − 5 मध्ये दोन रेघांच्या मधे 3 ठाण मांडून बसला आहे. वाण्याकडे तीन रुपये उधारी होती, वर पाचाचा माल उचलला. उधारी वाढली, म्हणून −8.

खरी गोम अशी, की एकच आडवी रेघ दोन कामं करते. कधी ती संख्येची ओळख असते, कधी क्रिया. मराठीत मात्र त्यासाठी दोन शब्द आहेत. आपण ते सरमिसळ वापरतो, म्हणून घोळ. संख्येला 'उणे' म्हणा आणि क्रियेला 'वजा'. मग पहिलं गणित "उणे तीन वजा पाच" आणि दुसरं "पाच वजा उणे तीन". मोठ्याने वाचायला लावा. दोन्हींतला फरक कानाला कळतो.

पण उणे वजा केल्यावर वाढतं कसं? वाण्याने तीन रुपयांची उधारी खोडली, तर तुमच्याकडे तीन रुपये जास्तच उरले. 'ऋण' म्हणजे कर्जच की! ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन आणि ऋण हेच शब्द वापरून नियम दिले. शून्यातून ऋण वजा केलं की धन, हेही त्यात आहे.

−7 + 4 चं उत्तर 3 येत असेल, तर दोष बहुधा शिकवणाऱ्याचा. "वजाबाकी करा आणि मोठ्याचं चिन्ह द्या" असं आपण सांगतो. पण −7 आणि 4 यांत मोठा तर 4! सांगायचं असतं ते असं: चिन्ह झाकून जो आकडा मोठा दिसेल, त्याचं चिन्ह. उत्तर −3.

कंसाआधी वजा असेल तर आतली सगळी चिन्हं उलटतात. 10 − (4 − 6) म्हणजे 10 − 4 + 6, म्हणजे 12. शून्य आलं असेल, तर 6 चं चिन्ह बदलायचं राहिलं.

वजाबाकीचा ताळा सोपा आहे: उत्तरात वजा केलेली संख्या मिळवा, मूळ संख्या परत यायला हवी. वरचं 5 − (−3) = 8 तपासा: 8 + (−3) = 5, बरोबर.

सरावाला पंचांग घ्या. दिवाळी पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सनात 57 मिळवले की विक्रम संवत, 78 वजा केले की शालिवाहन शक. दोन्हींतलं अंतर 57 − (−78). मुलाने 21 सांगितलं, तर पुन्हा "सत्तावन्न वजा उणे अठ्ठ्याहत्तर" असं वाचायला लावा. 135 यायला हवेत.