सेस्ना १५०: मॅग्नेटो तपासताना इंजिन थरथरतं तेव्हा

अमेरिकेत बऱ्याच वर्षांनी पुन्हा उडायचं तर प्रशिक्षकासोबत किमान १ तास जमिनीवर आणि १ तास हवेत, एवढी उजळणी लागते. खरा पैसा खातं ते जुनं विमान.

मॅग्नेटो म्हणजे स्पार्क प्लगना ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र. इंजिनाला असे दोन असतात आणि उड्डाणाआधी एकेकावर इंजिन चालवून तपासतात. माझ्या सेस्ना १५० या छोट्या विमानाचं इंजिन १७०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) एका मॅग्नेटोवर टाकलं की थरथरायचं आणि १५० पेक्षा जास्त आरपीएम पडायचे. अशा वेळी मॅग्नेटो उघडायची घाई करू नका, आधी प्लग. या विमानाचं ओ-२०० इंजिन ८० ऑक्टेनच्या इंधनासाठी बनलेलं. १००एलएल या आताच्या विमान-पेट्रोलमध्ये शिसं त्याच्या जवळपास चौपट. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, इंजिन थंड आणि मिश्रण रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त), म्हणून ते शिसं जळून न जाता खालच्या प्लगांत साचतं.

२००० आरपीएमवर मिश्रण हळूहळू लीन (इंधन कमी) करा, मिनिटभर थांबा, रिच करून पुन्हा तपासा. थरथर गेली नाही तर उड्डाण रद्द, प्लग काढा. आत करड्या, मण्यांसारख्या कडक गाठी दिसतील. टोकदार हत्याराने अलगद उकरा, मधल्या सिरॅमिकला धक्का नको. प्लगच्या टोकांमधली गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंच, तांब्याचं वॉशर नवंच, प्लग आवळायचा टॉर्क ३०० ते ३६० इंच-पाउंड. हातातून पडलेला प्लग सरळ फेकून द्या. वैमानिक-मालकाला हे काम स्वतः करता येतं. लॉगबुकात नोंद मात्र हवीच.

आता टॅक्सीला मिश्रण इतकं लीन ठेवतो, की थ्रॉटल पुढे ढकलला तर इंजिन अडखळतं. अर्धवट लीन ठेवणं धोक्याचं, कारण विसरून तसंच टेकऑफ होऊ शकतं.