उसाच्या व्हिनेगरची जोडणी: बाजारात जाण्याआधी

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणीकडची गुऱ्हाळं पेटतात आणि ताजा रस मिळू लागतो. गेल्या हंगामात त्याचं व्हिनेगर करायला मी परड्यात पन्नास लिटरची जोडणी केली: रस तापवायचं पातेलं, त्याला नळ, नळापासून पिंपापर्यंत पाईप. पहिली खेप सुरेख झाली. दुसऱ्या खेपेचा चाळीस लिटर रस ओतून द्यावा लागला, तोही एक सांधा उघडता येत नव्हता म्हणून. यंदा जे कोणी असं काही करणार असाल त्यांनी सामान आणण्याआधी हे वाचा.

पातेलं स्टीलचं, जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) नको. पिंप खाद्यपदार्थांसाठीचं, रंगाचं किंवा औषधाचं रिकामं झालेलं नव्हे. यावर अधिक बोलत नाही.

पातेल्याला भोक पाडून अर्ध्या इंची स्टीलचं सॉकेट वेल्ड करून घ्यायचं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये हे काम नीट होतं, पण भोक कुठे पाडायचं ते तुम्ही खूण करून द्या. तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर. रस उकळताना मळी वर येते, ती झाऱ्याने काढता येते. उरलेला गाळ मात्र खाली बसतो आणि नळ अगदी तळाशी असला तर सगळा पिंपात जातो. वेल्डिंगची आतली बाजू घासून गुळगुळीत करायला सांगा. खडबडीत राहिली तर रस तिथेच धरून राहतो.

आता नळ. दुकानदार आधी पितळी, चकचकीत मुलामा दिलेला बॉल व्हॉल्व्ह पुढे करेल, स्वस्त म्हणून. घेऊ नका. व्हिनेगर म्हणजे ॲसिटिक आम्ल. पितळेवर त्याने हिरवा कीट चढतो, आणि पितळेत थोडं शिसंही असू शकतं. जीआयचं, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचं, निपल तर नकोच, त्याचं जस्त आम्लात विरघळतं. स्टील ३०४ या जातीचं मागा. चुंबक लावून पारख करू नका, कारण हलकं २०२ स्टीलही बहुधा चुंबकाला चिकटत नाही. व्हॉल्व्हच्या अंगावर ‘सीएफ८’ असं ओतीव अक्षर बघा. ओतकामातल्या ३०४ ची ती खूण आहे.

व्हॉल्व्ह तीन तुकड्यांचा घ्या, बोल्ट काढले की मधला भाग बाहेर येणारा. दोन तुकड्यांच्या व्हॉल्व्हमध्ये गोळा आणि बाहेरचं अंग यांच्यामध्ये थोडा रस अडकतो आणि वरून कितीही उकळतं पाणी सोडलं तरी तो निघत नाही.

आणि युनियन, म्हणजे मधला नट सोडून उघडता येणारा सांधा. माझी चूक इथे झाली, म्हणून सावकाश वाचा. मी पातेल्याचं सॉकेट, हेक्स निपल, व्हॉल्व्ह, एल्बो, पाईप, पुन्हा एल्बो, टँक निपल असं एकामागून एक आवळत गेले. दिसायला घट्ट, सुंदर. धुवायची वेळ आली तेव्हा व्हॉल्व्ह सुटेचना. दोन्ही टोकं पक्की असलेल्या पायपात मधला तुकडा फिरवला तर एका बाजूचा आटा सैल होतो आणि दुसऱ्या बाजूचा आणखी आवळतो. पाना लावून काही उपयोग नाही. युनियनचा नट मात्र एकटा फिरतो, पाईप जागचा हलत नाही, आणि सांधा सुटतो. मी नुसतं गरम पाणी सोडून समाधान मानलं. आठवड्याने नवा रस त्याच वाटेने गेला आणि चार दिवसांत पिंपात तार सुटणारा, चिकट, बुळबुळीत द्रव झाला. साखर कारखान्यांना हा त्रास जुना आहे: ल्युकोनोस्टॉक नावाचे जीवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करतात. माझ्याकडे ते व्हॉल्व्हच्या पोटात वाढले होते. शेवटी हॅक्सॉने पाईप कापला.

म्हणून व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना एकेक युनियन. ‘एक पुरते ताई’ असं दुकानात म्हणतील. दोन घ्या. त्याही स्टीलच्या.

आट्यांचं एक बघा. इथल्या बाजारातलं सामान बीएसपी (ब्रिटिश पद्धतीच्या) आट्याचं असतं. बाहेरून मागवलेल्या काही फिटिंगना एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे) आटे असतात. अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला १४ वेढे, त्यामुळे सुरुवातीला बसल्यासारखं वाटतं. पण बीएसपीचा कोन ५५ अंशांचा आणि एनपीटीचा ६०, मग ते काही फेऱ्यांनंतर अडकतं आणि गळतं. सगळं एकाच जातीचं घ्या, आणि दुकानातच हाताने फिरवून बघा. तेव्हाच पुन्हा मोजा: युनियन दोन आहेत का?

गरम रसासाठी पाईप सिलिकॉनचा. बागेचा पीव्हीसी पाईप उकळत्या रसाने लोळागोळा होतो आणि त्याचा वासही रसाला लागतो. होज निपलवर स्टीलची क्लिप. वॉशर सिलिकॉनचे, दोन जादा. टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेने, चार-पाच वेढे. पण युनियनच्या सपाट तोंडावर टेप नको, तिथे वॉशरच.

जोडून झालं की रात्रभर पाणी भरून ठेवा, सांध्यांखाली कोरडा कागद पसरा. सकाळी युनियन सोडा, व्हॉल्व्ह उघडा, पुन्हा जोडा. हे हाताला सहज जमलं तरच रस आणायला निघा.

पुढचं थोडक्यात. पिंपं दोन. पहिलं झाकणाचं, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) लावून. वायू निघायला वाट हवीच, नाहीतर झाकण उडेल. रस कोमट झाल्यावरच यीस्ट. या टप्प्यात मद्यार्क तयार होतो, तो तसा ठेवायचा किंवा विकायचा नाही. कर्नाटकात दारू करायला अबकारी परवाना लागतो, आधी चौकशी करून घ्या. मद्यार्क झालेला रस मग दुसऱ्या पिंपात. त्याचं तोंड उघडं, वर घट्ट विणीचं फडकं. व्हिनेगर करणाऱ्या जीवाणूंना हवा लागते. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल असावं लागतं, तेवढं घरच्यातही आलंय का ते तपासून घ्या. प्रत्येक खेपेनंतर धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी, मग साधं उकळतं पाणी. स्टीलला ब्लीच नको. आणि प्रत्येक खेपेनंतर, एकही न चुकवता, दोन्ही युनियन सोडून व्हॉल्व्ह हातात घ्या आणि आतून बघा.