ज्येष्ठांच्या व्यायाम ग्रुपमध्ये होणाऱ्या या चुका टाळा, नाहीतर व्यायाम चालू आणि पडणंही चालू

आमच्या ग्रुपमध्ये सुरुवातीला सगळा व्यायाम खुर्चीत बसून व्हायचा, हात वर हात खाली, मान फिरवा, खांदे फिरवा, तासाभरात सगळे खूश होऊन घरी. तरी त्याच वर्षात ग्रुपमधले तिघं पडले आणि एका काकूंचा खुबा मोडला. मग डोक्यात प्रकाश पडला की अहो, खुर्चीत बसलेला माणूस सहसा पडत नाही, तो पडतो उठताना, वळताना, बाथरूमकडे घाईत जाताना, आणि यातलं आपण काहीच शिकवत नव्हतो.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, व्यायाम आहे पण तोलाचा व्यायाम नाही. ६५ च्या पुढे दरवर्षी साधारण तिघांत एक जण पडतो. कॉक्रेन (वैद्यकीय संशोधन तपासून एकत्र मांडणारी संस्था) चा २०१९ चा आढावा आहे, लोकांवर केलेल्या १०८ अभ्यास-चाचण्या एकत्र करून केलेला, त्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्के कमी झालं, आणि तोल आणि ताकद असे दोन्ही व्यायाम जिथे होते तिथे साधारण ३४ टक्के. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असं मात्र त्यात ठामपणे दिसलं नाही. चालणं हृदयाला चांगलंच आहे, बंद करू नका, पण "मी रोज चालतो, मला कशाला हवाय बॅलन्स" म्हणणारे काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात, त्यांना एकदा एका पायासमोर दुसरा पाय, टाच-चवडा चिकटवून, काही न धरता १० सेकंद उभं राहायला सांगा (मागे भिंत आणि शेजारी माणूस ठेवून). जमलं नाही तर पडण्याचा धोका जास्त आहे असं समजतात. वाद आपोआप मिटतो.

दुसरी चूक घाबरून होते. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून एका पायावर उभं राहायचं, पहिल्या दिवशीही तसंच आणि सहा महिन्यांनीही तसंच. मग तोल सांभाळते ती खुर्ची, माणूस नाही. थोडं डगमगायला पाहिजे हो, त्याशिवाय शरीर शिकणार कसं. आधी दोन हात, मग एक हात, मग दोन बोटं, मग हात नुसता जवळ. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ओटागो प्रोग्रॅममध्येही (ज्येष्ठांचं पडणं टाळण्यासाठीचा व्यायामक्रम) हेच आहे, आधाराने सुरू करायचं आणि जमेल तसा आधार सोडायचा, जोडीला घोट्याला वजन बांधून पायाची ताकद. खुर्ची मात्र जड हवी, चाकाची किंवा हलकी प्लास्टिकची अजिबात नको, हे सांगायला लागू नये पण लागतं.

सगळ्यांना एकच लेव्हल देणं हीसुद्धा चूकच. आधी छोटी टेस्ट घ्या, हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयात बाईला १० पेक्षा कमी आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर आहेत, अशांना वेगळं बघा. हाताने दाबून उठले तर ते मोजायचं नाही.

व्यायाम नीट चाललाय तरी कोणी पडतंय? मग व्यायामाच्या बाहेर शोधा. झोपेच्या गोळ्या नवीन सुरू झाल्यात का, उठल्यावर चक्कर येते का, प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचं आणि जवळचं एकाच काचेत) घालून जिना उतरतात का (खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते), चपला सैल आहेत का. चक्कर येत असेल तर बीपी झोपून आणि मग उभं राहून असं दोन्ही मोजून घ्यायला सांगा, उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांकडे पाठवा. गोळ्या आपण बंद करायला सांगायच्या नाहीत, ते काम डॉक्टरांचं.

आठवड्यातून एकदा क्लास घेऊन समाधान मानू नका. डब्ल्यूएचओ ६५ च्या पुढच्यांना आठवड्यात ३ किंवा जास्त दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम सांगते, म्हणून क्लासशिवायचे दिवस घरी करायला दोन-तीनच प्रकार द्या, जास्त दिले की कोणी करत नाही. आणि कोणी आजारपणामुळे महिनाभर गायब होऊन परत आलं की जुन्या लेव्हलवर उभं करू नका, परत दोन हातांपासून.

जमिनीवरून उठायचं तर बहुतेक ग्रुपमध्ये शिकवतच नाहीत. कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, हात बैठकीवर, चांगला पाय पुढे, जोर देऊन उठायचं आणि वळून बसायचं. गुडघे दुखणाऱ्यांना जाड गादीवर, हळूहळू. खरंच पडल्यावर खुब्यात किंवा पाठीत जोरात दुखत असेल तर मात्र उठायचा प्रयत्नच नको, हाका मारायच्या, हेही त्याच दिवशी सांगून टाका.

अजून एक, लोक पडलेलं लपवतात. मुलं घराबाहेर सोडणार नाहीत ही भीती असते. म्हणून आम्ही आता "पडलात का" असं सगळ्यांसमोर विचारतच नाही, क्लास संपल्यावर एकेकाला बाजूला घेऊन "या आठवड्यात कुठे तोल गेला होता का" असं विचारतो, मग बरोबर सगळं बाहेर येतं, कुठे, किती वाजता, पायात काय होतं, ते वहीत लिहितो आणि पुढच्या आठवड्यात नेमकं त्याचीच प्रॅक्टिस घेतो.